उतारा काय सांगतो आणि काय सांगत नाही

गेल्या मार्चमधली गोष्ट. तृतीय वर्षाचा तास संपवून मी खडू-डस्टर आवरीत होतो, तोच मागच्या बाकावर बसणारा एक विद्यार्थी टेबलापाशी येऊन उभा राहिला. वर्षभरात त्याने वर्गात एकही प्रश्न विचारलेला नव्हता. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि माझ्यापुढे उलगडून ठेवला.

"सर, जरा बघता का? उताऱ्यावर नाव आहे म्हणजे घर त्याचंच ना?"

त्याचे वडील एस. टी.च्या आगारात यांत्रिक. मे अखेरीस निवृत्त होणार होते. ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळून जी रक्कम हाती येईल, तिच्यात शहराला लागून असलेल्या एका खेड्यातले तीन खोल्यांचे बांधलेले घर घ्यावयाचे ठरत होते. अक्षय्य तृतीयेला विसार द्यायचा. मध्यस्थाने 'सरकारी उतारा' म्हणून हा कागद दिला होता. त्यावर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का होता, सही होती, मालकाच्या रकान्यात विकणाऱ्याचे नाव होते, घराचे वर्णन 'आर. सी. सी. पक्के' असे होते आणि क्षेत्रफळही चौरस फुटांत दिलेले होते. एखाद्या साध्या माणसाला याहून अधिक काय हवे?

मी अर्थशास्त्र शिकवतो, कायदा नव्हे. परंतु हा कागद मला परका नव्हता. अगदी असाच एक कागद माझ्या ताईच्या लोखंडी कपाटात गेली कित्येक वर्षे जपून ठेवलेला आहे, आणि त्या कागदाने आमच्या घरात जे काही घडले ते मी पाहिले आहे. त्या विद्यार्थ्याला मी त्या दिवशी व नंतरच्या दोन-तीन बैठकींत जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे. आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी आज ना उद्या हा प्रसंग येणारच.

प्रथम ताईची हकिकत सांगतो. २००९ साली तिने व भाऊजींनी पुण्याजवळच्या एका गावात दीड गुंठ्यावर बांधलेले घर घेतले. गाव तेव्हा महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर होते. विकणाऱ्याने सांगितले, "गुंठ्यांची खरेदी रजिस्टर होत नाही, पण काळजी करू नका. नोटरी करून देतो आणि ग्रामपंचायतीत तुमचं नाव लावून देतो." खरोखरच महिन्याभरात नाव लागले. घरपट्टी ताईच्या नावाने येऊ लागली, विजेचे मीटर तिच्या नावाचे झाले, नळजोड मिळाला. दर वर्षी पट्टी भरून ती पावती देवापुढे ठेवी. घर आपले झाले याविषयी आम्हां कोणालाच शंका उरली नाही. मीही तेव्हा प्राध्यापक होतो, वर्गात मालमत्ता-हक्कांवर व्याख्याने देत होतो, आणि मलाही ती शंका आली नाही, हे कबूल केलेले बरे.

पुढे २०२१ साली पुण्यालगतची तेवीस गावे महानगरपालिकेत आली, त्यांत हे गावही आले. त्याच सुमारास भाऊजींच्या हृदयाची शस्त्रक्रिया निघाली. घर विकावे किंवा गहाण टाकून कर्ज काढावे म्हणून ताई बँकेत गेली. बँकेच्या वकिलाने कागद चाळले आणि एकच प्रश्न विचारला : "खरेदीखत कुठे आहे?" ते नव्हतेच. सातबारा काढला तर त्यावर अजूनही मूळ शेतकऱ्याचे नाव. तो शेतकरी मधल्या काळात वारला होता आणि त्याच्या मुलांनी सही करण्यासाठी पैसे मागितले. ताईकडे बारा वर्षांच्या पावत्या होत्या, शिक्क्यांचे उतारे होते. पण विकता येईल असे काही नव्हते. शस्त्रक्रिया झाली, ती नातेवाइकांकडून उसनवार करून.

आता यात ग्रामपंचायतीच्या उताऱ्याने खोटे सांगितले काय? मुळीच नाही. आपणच त्याला भलता प्रश्न विचारला होता. या लेखात मला सांगावयाचे आहे ते एवढेच की, आपल्याकडची प्रत्येक सरकारी नोंदवही कोणत्या तरी एका कामासाठी निर्माण झाली आहे. त्या कामापुरती ती बहुधा विश्वासार्ह असते. घर घेणाऱ्याचे काम मात्र त्याहून वेगळे असते, आणि त्याच्यासाठी म्हणून ठेवलेली नोंदवही आपल्याकडे फारशी नाहीच.

ग्रामपंचायतीचा हा उतारा म्हणजे नमुना ८, अर्थात कर आकारणीची यादी. (तलाठ्याकडचा 'आठ-अ' निराळा, तो खातेदाराच्या जमिनींचा गोषवारा असतो. नावाच्या या सारखेपणाने अनेकांची फसगत होते.) नमुना ८ चा हेतू गावातल्या कोणत्या बांधकामावर किती घरपट्टी बसवायची व ती कोणाकडून वसूल करायची, हे ठरविणे हा. म्हणून त्यात मालकाचा रकाना आहे, भोगवटा करणाऱ्याचाही आहे. बांधकाम कौलारू की स्लॅबचे, किती जुने, किती क्षेत्राचे, हेही आहे. कारण त्यावर कराचा आकडा अवलंबून असतो. पण ते बांधकाम परवानगी घेऊन झाले काय, त्याखालची जमीन कोणाची, ती बिगरशेती झाली काय, हे त्या यादीला विचारण्याचे कारणच नाही. अनधिकृत घरातही माणसे राहतात, त्यांनाही दिवाबत्ती, पाणी लागते, म्हणून त्यांच्याकडूनही कर घेतला जातो.

महानगरपालिकांच्या कर-नोंदवहीचेही तेच. तेथे तर कायद्यानेच हे स्पष्ट केले आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६७-अ प्रमाणे बेकायदा इमारतीवर मालमत्ताकराच्या दुप्पटीपर्यंत शास्ती बसू शकते, म्हणजे कर व शास्ती मिळून रक्कम तिपटीपर्यंत जाऊ शकते. आणि हा पैसा भरला म्हणून बांधकाम नियमित झाले असे मानू नये, असे तेच कलम बजावते. पिंपरी-चिंचवडमध्ये या शास्तीकरावरून वर्षानुवर्षे आंदोलने झाली, निवडणुका गाजल्या, अखेर २०२३ साली थकीत शास्ती माफ झाली. माफ झाली ती शास्ती. बांधकामे त्या माफीने अधिकृत झाली नाहीत. सांगावयाचा मुद्दा असा की, ही हजारो अनधिकृत घरे सरकारी नोंदवहीत अगदी व्यवस्थित नोंदलेली होती. नोंद नसती तर शास्ती तरी कशावर बसली असती?

विद्यार्थी म्हणाला, "मग सर, सातबारा बघितला म्हणजे झालं."

सातबारा अधिक वजनदार खरा. गाव नमुना सात म्हणजे हक्काचे पत्रक आणि बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही जोडून सातबारा. परंतु याचेही मूळ साऱ्यातच आहे. इंग्रजी अमदानीत १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीच्या मोजणीची व प्रतबंदीची जी पद्धत बसविली, ती शेतसारा नीट ठरावा म्हणून. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९०३ साली आला. आजच्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदणीतील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानावयाची असते. या वाक्यातला 'विरुद्ध सिद्ध होईपर्यंत' हा तुकडा फार महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने तर १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या खटल्यात फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, असे म्हटले, आणि नंतरच्या अनेक निकालांत तेच पुन्हा सांगितले. मालकी मिळते ती नोंदणीकृत खरेदीखताने, बक्षीसपत्राने, मृत्युपत्राने, वारसाहक्काने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. फेरफार म्हणजे झालेल्या गोष्टीची दप्तरी घेतलेली दखल.

ही दखल घ्यायला वेळ लागतो, आणि त्या वेळात बरेच काही घडू शकते. खरेदी झाली की तलाठी (पदनाम बदलून आता 'ग्राम महसूल अधिकारी' झाले असले तरी लोकांच्या तोंडी तलाठीच आहे) फेरफार नोंदवहीत नोंद धरतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तोपर्यंत सातबारावर नाव राहते ते विकून मोकळ्या झालेल्या माणसाचे! तोच उतारा दाखवून तीच जमीन दुसऱ्यांदा विकल्याचे खटले न्यायालयांत कमी नाहीत. म्हणून सातबारा पाहताना प्रलंबित फेरफारही पाहावा. 'आपली चावडी' या नावाने हे फलक आता संगणकावर पाहायला मिळतात.

दुसरी गोष्ट मुलींची. बाप वारला की मुलगे आपली नावे लावून घेतात आणि बहिणींची नावे 'राहून जातात'. गावोगाव हे घडलेले आहे. पण नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २०२० च्या विनीता शर्मा खटल्यातील निकालानंतर तर मुलीचा वाटा जन्मसिद्ध आहे हे निर्विवाद झाले. सातबारावर चार भावांची नावे आहेत, चौघांच्या सह्या झाल्या, म्हणून घेणारा निर्धास्त होतो; आणि पाच वर्षांनी कोल्हापूरकडे दिलेली बहीण दावा लावते. चूक तिची नसते.

सातबाराचा 'इतर हक्क' हा रकाना मात्र मन लावून वाचण्यासारखा असतो. विकास सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, पुनर्वसनाचा शेरा, 'हस्तांतरणास बंदी' हे सारे तेथे असते. माझ्या अनुभवाने लोक नाव वाचतात, क्षेत्र वाचतात आणि नेमका हा रकाना सोडतात. आणखी एक : संगणकावर फुकट दिसणारा उतारा केवळ माहितीसाठी असतो, तसे त्यावरच छापलेले असते. काम चालते ते डिजिटल सहीच्या उताऱ्यावर. हस्तलिखित उतारे संगणकावर चढवताना नावांत, क्षेत्रांत चुका झाल्या. कलम १५५ खाली त्या दुरुस्त करण्याचे काम तहसील कार्यालयांना कित्येक वर्षे पुरले. तेव्हा जुना हस्तलिखित उतारा आणि नवा उतारा शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यात शहाणपण आहे.

शहरांत सातबाराच्या जागी नगर भूमापनाची मिळकत पत्रिका असते. लोक तिला प्रॉपर्टी कार्डच म्हणतात. तिच्यावर सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, सत्ता प्रकार आणि धारकाचे नाव असते. सत्ता प्रकारावरून जमीन खाजगी आहे की सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली आहे हे कळते. गावठाणांची अशी पत्रके पूर्वी फारशी नव्हतीच. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून ती तयार करण्यात येऊ लागली. पण ही पत्रिकाही बोलते ती जमिनीविषयी. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर सदनिका घ्यायला निघालात तर तिच्यात तिसरा मजला नाही, सदनिका नाही आणि बहुधा इमारतही नाही. कित्येक जुन्या सोसायट्यांच्या पत्रिकेवर तर अजून मूळ जमीनमालकाचेच नाव आहे, कारण बिल्डरने सोसायटीला अभिहस्तांतरण करूनच दिले नाही. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याने हे करून देणे बंधनकारक होते. ते होत नाही असे पाहून 'मानीव अभिहस्तांतरणा'ची तरतूद २००८ साली करावी लागली.

आता नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक दोन, अर्थात इंडेक्स टू. माझ्या मते घेणाऱ्याच्या सर्वांत उपयोगाची नोंद हीच, कारण दस्त खरोखर झाला काय, केव्हा, कोणाकोणात आणि किती रकमेला, हे तिच्यावरून कळते. २००२ पासूनचे दस्त संगणकावर शोधता येतात, त्याआधीचे बहुतेक ठिकाणी पुस्तकांतून शोधावे लागतात. वकील तीस वर्षांचा शोध घेऊन अहवाल देतात तो यातूनच. तथापि दुय्यम निबंधक पाहतो ते दस्त करून देणारी माणसे हजर आहेत काय, त्यांची ओळख पटली काय, मुद्रांक पुरेसा आहे काय. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता काय, हे तो पाहत नाही. ते त्याचे कामही नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका नियमाबाबत २०२५ साली पुन्हा स्पष्ट केले. तसेच कागदपत्रे बँकेत ठेवून केलेले गहाण पूर्वी या सूचीत येतच नसे. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना नोंदणी कार्यालयात देणे २०१३ पासून सक्तीचे झाले. म्हणून त्यापूर्वीच्या घराबाबत 'मूळ खरेदीखत दाखवा' एवढे एकच वाक्य विकणाऱ्यापाशी बोलावे. मूळ कागद त्याच्या हाती नसेल तर तो कोणाच्या तरी तिजोरीत असतो.

क्षेत्रफळाची गंमत तर औरच. मी स्वतः १९९८ साली सदनिका घेतली. करारात ७२० चौरस फूट, तेही 'विक्रीयोग्य' म्हणजे जिन्याचा, व्हरांड्याचा वाटा धरून. इंडेक्स टूवर ६०० चौरस फूट, बाहेरच्या भिंती धरून. कराच्या बिलावर ५२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५६०. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला टेपचे दुसरे टोक धरायला लावून मी स्वतः मोजले तर पायाखाली येणारी जागा ४९८ भरली. चार कागदांत... नव्हे, तीन कागद आणि एक टेप, यांत चार आकडे. आणि यांतला एकही खोटा नव्हता! प्रत्येकाची व्याख्या वेगळी. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची एकच व्याख्या केली : आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती व बाल्कनी सोडायच्या. नव्या इमारतींना ती लागू झाली हे चांगलेच. जुने घर घेणाऱ्याने मात्र टेप विकत घ्यावी. तिच्याएवढी प्रामाणिक नोंदवही दुसरी नाही.

इमारतीच्या वयाचेही असेच. कर-नोंदवहीतले वर्ष पुष्कळदा पहिल्या आकारणीचे असते, बांधकामाचे नसते. आणि आकारणी होईपर्यंत इमारत किती वर्षे उभी होती हे भिंतींनाच ठाऊक. मुंबईच्या जुन्या उपकरप्राप्त चाळींची गोष्ट निराळी. तेथे इमारत १९४० पूर्वीची की नंतरची यावर तिचा वर्ग ठरतो, म्हणून तेथे या वर्षाला किंमत आहे.

इतके ऐकल्यावर विद्यार्थ्याने विचारले, "मग महारेराचा नंबर असलेल्या नव्या इमारतीतच घर घेतलं तर? ते तर सरकारनं ग्राहकांसाठीच केलंय ना?"

प्रश्न रास्त होता. १ मे २०१७ पासून महारेराचे दप्तर सुरू झाले आणि ते खरोखरच घेणाऱ्यासाठी म्हणून उघडलेले पहिले दप्तर आहे. मंजूर नकाशे, जमिनीच्या हक्काचा अहवाल, चालू खटले, किती सदनिका विकल्या गेल्या, हे सारे घरबसल्या पाहता येते. पण त्यातली माहिती भरतो तो बिल्डर, स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर. कल्याण-डोंबिवलीत २०२२ साली जे उघडकीस आले ते यामुळेच शक्य झाले. तेथे पासष्ट इमारतींसाठी महानगरपालिकेच्या बनावट परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवण्यात आले होते. लोकांनी क्रमांक पाहिला, बँकांनीही कर्जे दिली, माणसे राहायला गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. एका सरकारी दप्तराने दुसऱ्या सरकारी दप्तराचा म्हणून दाखवलेला कागद मान्य केला, आणि तो खरा आहे काय हे त्या दुसऱ्या दप्तराला विचारले नाही. एवढ्या एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत त्या कुटुंबांच्या गळ्यात आली. त्यानंतर परवानग्यांची खातरजमा थेट नियोजन प्राधिकरणांकडून करून घेण्याची पद्धत महारेराने घातली. शिवाय, पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या लहान प्रकल्पांना ही नोंदणी लागतच नाही. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी पाहिलेल्या घरासारखी घरे त्या दप्तरात कधी येणारच नाहीत.

आमच्या स्टाफरूममध्ये हा विषय निघाला तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, "या सगळ्या दप्तरांऐवजी इमारतींचीच एक नोंदवही का नसावी?" काही देशांत ती आहे. डेन्मार्कमध्ये १९७७ पासून इमारतींची व घरांची राष्ट्रीय नोंदवही आहे. बांधल्याचे वर्ष, क्षेत्र, छप्पर कशाचे, घर उबदार ठेवण्याची सोय काय, हे सारे तीत असते. पण त्या नोंदवहीतली माहिती बरोबर ठेवण्याची जबाबदारी मुळात मालकावर आहे. मालकाने माळ्यावर खोली काढली आणि कळवले नाही, तर नोंदवहीत माळाच राहतो. म्हणजे तेथेही घेणाऱ्याला घर हिंडून पाहावेच लागते. आपल्याकडे प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र पत्रिका देण्याचा विचार शासनाने अनेकदा बोलून दाखवला आहे. तो अमलात आला तर मी स्वागतच करीन. पण त्या पत्रिकेतली माहिती कोण भरणार आणि कोण तपासणार, हे मी आधी विचारीन.

मग विश्वास ठेवावा तो कशावर? मी त्या मुलाला असे सांगितले : जमिनीचा नंबर, तिचे क्षेत्र आणि भूमि अभिलेख कार्यालयाची मोजणी यांवर बराच भरवसा ठेव. मालकाच्या नावावर अर्धा ठेव, बाकीचा अर्धा खरेदीखतांची साखळी पाहिल्यावर. इमारतीविषयीच्या नोंदींवर मात्र मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांवाचून भरवसा ठेवू नकोस. आणि हे दोन्ही कागद विकणाऱ्याच्या हातून घेऊ नकोस, ज्या कार्यालयाने दिले त्याच्याकडूनच घे. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जावर त्यांच्या प्रती मागता येतात व उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. मध्यस्थाला तीस दिवस थांबवत नसेल तर का थांबवत नाही, हाही एक प्रश्नच. गावठाणाबाहेरच्या बांधकामाला सरपंचाचे पत्र चालत नाही. तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा त्या भागाच्या नियोजन प्राधिकरणाचा.

आणि घरात जो राहतो आहे त्याच्याशी बोल. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्यात म्हटले आहे की, जागा ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात असेल त्याच्या हक्काची जाणीव घेणाऱ्याला होती असेच धरले जाईल. म्हणजे तुम्ही विचारले नाही तरी विचारले असेच न्यायालय मानणार. त्यापेक्षा ओट्यावर बसून चहा घेत विचारलेले काय वाईट?

ताईचे प्रकरण अद्याप संपलेले नाही. तुकडेबंदीची बंधने २०२५ साली शासनाने बरीच सैल केली, तेव्हा तिचा फोन आला. "अरे, आता माझं काम होईल ना?" तुकड्याची अडचण कदाचित दूर होईल, पण मूळ शेतकऱ्याच्या वारसांनी खरेदीखत करून द्यायला हवे, ते आपोआप होत नाही, हे तिला समजावून सांगताना मला फार जड गेले. पट्टी ती अजूनही वेळेवर भरते.

विद्यार्थ्याने मग तलाठी कार्यालयातून सातबारा आणला. आम्ही दोघांनी तो वाचला. जमीन शेतीचीच होती, सात जणांची सामाईक. विकणारा त्या सातांत होता, पण त्याचा हिस्सा वेगळा झालेला नव्हता. 'इतर हक्क' मध्ये सोसायटीचा बोजा होता. तो कागद घेऊन मुलगा घरी गेला. वडील सुरुवातीला चिडले; कर्ज किरकोळ आहे, फेडतो म्हणालाय, असे म्हणाले. मग एक दिवस आगारातल्या मित्राला बरोबर घेऊन ते स्वतःच त्या गावी जाऊन आले आणि उरलेल्या सहा जणांपैकी दोघांना भेटले. घर विकायला काढले आहे हे त्या दोघांना ठाऊकच नव्हते.

अक्षय्य तृतीयेला विसार दिला गेला नाही. मध्यस्थाने "गिऱ्हाइकं रांगेत उभी आहेत" असे सांगितले होते. ते खरे निघाले. आठ दिवसांत ते घर दुसऱ्या कोणी तरी घेतले.